डाल्टन मास्तर

स्मरणिकेसाठी लेख दे, पण शाळेच्या आठवणी नकोत, त्या पोत्याने आल्या आहेत, असा समितीचा निरोप आला. तेव्हा ठरवले की ज्या माणसाने आठवीपासून दहावीपर्यंत आपली पाठ सोडली नाही, त्याच्याविषयीच लिहावे. जॉन डाल्टन. अणुसिद्धांताचे मुद्दे लिहा, आणि त्याच्याच खाली, सिद्धांतातील त्रुटी लिहा. मुद्दे आपण घोकले, त्रुटीही घोकल्या. त्रुटी कमी होत्या म्हणून आपल्यातले बरेच जण त्याच आधी लिहून मोकळे व्हायचे. पण हा गृहस्थ कुठला, पोटासाठी काय करायचा, हे ना पुस्तकात होते, ना आपण विचारले.

एक प्रश्न मात्र वर्गात विचारला गेला होता, तो मला अजून आठवतो. फळ्यावर पाण्याचे सूत्र लिहून झाले होते, एच टू ओ. मागच्या बाकावरची आपली एक मैत्रीण उभी राहिली आणि तिने विचारले की अणू दिसत नाही म्हणता, मग हायड्रोजनचे दोनच आहेत हे मोजले कोणी? तेवढ्यात घंटा झाली आणि प्रश्न फळ्याबरोबर पुसला गेला. पुढे रसायनशास्त्र शिकताना आणि शिकवताना मला कळले की हाच प्रश्न खुद्द डाल्टनना विचारला असता, तर त्यांनी दोन नव्हे, एक असे उत्तर दिले असते. म्हणजे आपल्या सहामाहीत ते नापास! त्या मैत्रिणीला तिच्या प्रश्नाचे उत्तर, उशिरा का होईना, मिळावे म्हणून हा लेख.

इंग्लंडच्या वायव्येला, स्कॉटलंडच्या सरहद्दीला लागून, कंबरलँड नावाचा डोंगराळ आणि अतिशय पावसाळी परगणा होता. तिथल्या ईगल्सफील्ड नावाच्या खेड्यात सप्टेंबर १७६६ मध्ये जॉनचा जन्म झाला. वडील जोसेफ हातमागावर कापड विणत, थोडी शेतीही होती. घर क्वेकर पंथाचे. या पंथात पुरोहित नाही, मूर्ती नाही, कपडे साधे आणि मळखाऊ रंगाचे, शस्त्र धरायचे नाही, आणि मोठ्या माणसासमोर टोपीही काढायची नाही. देशाच्या अधिकृत चर्चला न मानणाऱ्या अशा मंडळींना ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पदवी मिळत नसे. त्यामुळे मुलगा कितीही हुशार निघाला तरी त्याच्यासाठी ती दारे बंदच होती. मात्र क्वेकर लोक आपल्या मुलांना लिहायला-वाचायला आवर्जून शिकवत. खेड्यात शाळा होती. शिवाय एलिहू रॉबिन्सन नावाचे एक सधन क्वेकर गृहस्थ होते, त्यांना हवामानाची उपकरणे बनवण्याचा नाद होता. विणकराच्या या मुलाला गणिताची गोडी त्यांनी लावली.

आणि बाराव्या वर्षी जॉन मास्तर झाला. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. त्याने गावात स्वतःची शाळा उघडली. काही विद्यार्थी त्याच्यापेक्षा थोराड होते. आपल्या सातवीतल्या एखाद्या मुलाने नववीच्या वर्गाला शिस्त लावावी, तसा प्रकार. शाळा दोनेक वर्षे चालली, मग बंद पडली आणि मास्तर शेतावर मजुरीला गेले. १७८१ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो केंडल या गावी गेला. तिथल्या क्वेकर शाळेत थोरला भाऊ जोनाथन आधीपासून शिकवत होता. चार वर्षांनी, १७८५ मध्ये, दोघा भावांनी ती शाळाच चालवायला घेतली. इथून पुढे त्यांना अहो-जाहो करणे भाग आहे. शाळा चालवणाऱ्या माणसाला एकेरीत संबोधण्याची सवय आपल्या शाळेने आपल्याला लावलेली नाही.

केंडलला डाल्टनना खरा गुरू भेटला. जॉन गॉफ हे लहानपणी देवीच्या आजारात दृष्टी गेलेले गृहस्थ. पण लॅटिन, ग्रीक, गणित, वनस्पतिशास्त्र सगळे त्यांच्या मुठीत. झाडाचे पान हाताने चाचपून, हुंगून ते नाव सांगत. त्यांनी डाल्टनना भाषा आणि गणित शिकवले, आणि आणखी एक गोष्ट सांगितली, ती म्हणजे हवामानाची रोजनिशी ठेव. २४ मार्च १७८७ रोजी डाल्टननी पहिली नोंद केली. वाऱ्याची दिशा, तापमान, हवेचा दाब, पाऊस. ही नोंद त्यांनी मरेपर्यंत, सत्तावन्न वर्षे केली. एकूण निरीक्षणे भरतात दोन लाखांच्या वर. दाबमापी, तापमापी बऱ्याचदा घरीच बनवलेली. अणूची गोष्ट या वहीतून निघते, हे आपल्या पुस्तकाने आपल्याला कधी सांगितले नाही.

१७९३ मध्ये ते मँचेस्टरला आले. कापडगिरण्यांचे शहर, ज्याच्या नावावरून आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो ते. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बंद असलेल्या पंथांच्या मुलांसाठी तिथे न्यू कॉलेज नावाची संस्था होती. तिथे त्यांना गणित आणि निसर्गविज्ञान शिकवण्याची नोकरी मिळाली. पुढच्या वर्षी ते शहरातल्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाचे सभासद झाले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये तिथे त्यांनी पहिला मोठा निबंध वाचला. विषय होता त्यांचे स्वतःचे डोळे.

झाले असे की फुलांचा अभ्यास करताना एक जिरेनियमचे फूल त्यांना दिवसा आकाशासारखे निळे दिसले आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात तांबूस. भोवतालच्या लोकांना विचारले तर सगळ्यांना ते दोन्ही वेळा गुलाबीच दिसत होते. फक्त भाऊ जोनाथनला त्यांच्यासारखे दिसत होते. लाल लाखेची कांडी आणि लॉरेलचे हिरवे पान त्यांच्या नजरेला जवळपास एका रंगाची होती. तोवर या दोषाचा असा पद्धतशीर अभ्यास कोणी केला नव्हता. फ्रेंचसारख्या भाषांत रंगांधत्वाला आजही डाल्टनचेच नाव आहे. कारण काय असावे, यावर त्यांनी तर्क केला. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असणार आणि तो लाल प्रकाश गिळत असणार. हा तर्क लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

कॉलेजची आर्थिक स्थिती खालावली. १८०० मध्ये डाल्टननी नोकरी सोडली आणि खासगी शिकवण्या सुरू केल्या. मुलांना गणित, व्याकरण, विज्ञान शिकवायचे, तासावर पैसे घ्यायचे. पुढे जगभर नाव झाले तरी उपजीविका याच शिकवण्यांवर होती. उरलेल्या वेळात मंडळाने दिलेल्या एका खोलीत प्रयोग. अणुसिद्धांत हा अशा एका शिकवणी मास्तराच्या फावल्या वेळातला उद्योग आहे.

आता त्या हवामानाच्या वहीकडे येऊ. हवेत नायट्रोजन, ऑक्सिजन, पाण्याची वाफ असे निरनिराळे वायू आहेत हे तेव्हा माहीत झाले होते. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जड. मग तेल आणि पाण्यासारखे त्यांचे थर का होत नाहीत? डोंगरमाथ्यावर आणि पायथ्याशी हवा सारखीच का मिसळलेली? दरवर्षी सुट्टीत डाल्टन आपल्या मुलखातल्या डोंगरांवर दाबमापी घेऊन चढत, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या पायांनाही ठाऊक होता. १८०१ मध्ये त्यांनी उत्तर मांडले. मिश्रणातला प्रत्येक वायू असा वागतो की जणू तिथे दुसरा वायूच नाही, आणि प्रत्येकाचा दाब स्वतंत्र असतो. हाच आपला अकरावीतला आंशिक दाबाचा नियम. त्याच्यामागे अणूंचे चित्र होते. वायू म्हणजे सुटे सुटे कण, आणि त्यांच्या मते सारखे कण एकमेकांना दूर ढकलतात, निराळ्या कणांना नाही. हीही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हीच त्यांना आडवी आली.

मग दुसरा प्रश्न. पाण्यात सगळे वायू सारखे का विरघळत नाहीत? कर्बवायू भरपूर विरघळतो, हायड्रोजन अगदी थोडा. डाल्टनना वाटले की हे कणांच्या वजनावर अवलंबून असावे. हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. पण ते तपासायचे तर कणाचे वजन माहीत हवे. दिसतही नाही अशा कणाचे वजन करायचे कसे?

इथे ते थांबले नाहीत, आणि म्हणून आपण त्यांना पाठ करतो. अणूची कल्पना जुनीच होती. आपल्याकडे कणादांनी मांडली, ग्रीसमध्ये डेमॉक्रिटसने मांडली. पण त्या कल्पनेला तराजूत घालायचे कोणाला सुचले नव्हते. एका अणूचे वजन करता येणार नाही, पण एक अणू दुसऱ्याच्या किती पट जड हे तर काढता येईल? समजा, एका डब्यात रव्याचे आणि बेसनाचे लाडू आहेत, दोन्ही सारख्याच संख्येने. डबा उघडायचा नाही, पण सगळा रवा किती आणि सगळे बेसन किती भरले हे माहीत आहे. तर एक रव्याचा लाडू बेसनाच्या लाडवाच्या किती पट, हे डबा न उघडता सांगता येते. पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन कोणत्या प्रमाणात निघतात हे तोलता येत होते. डाल्टननी हायड्रोजनच्या अणूला १ मानले आणि बाकीच्यांचे हिशेब मांडले. पहिला तक्ता त्यांच्या वहीत सप्टेंबर १८०३ चा आहे. छापून आला १८०५ मध्ये, पाण्यात विरघळणाऱ्या वायूंवरच्या त्या निबंधाच्या शेवटी.

अणू खरेच असतील तर त्याची एक खूण सापडायला हवी होती आणि ती सापडली. कार्बन आणि ऑक्सिजन दोन तऱ्हांनी जोडले जातात. ३ भाग कार्बनबरोबर एका वायूत ४ भाग ऑक्सिजन असतो, दुसऱ्यात ८ भाग. पाच नाही, साडेसहा नाही, बरोबर दुप्पट. दलदलीतून निघणारा वायू, म्हणजे आपला मिथेन, आणि इथिलीन यांची तुलना डाल्टननी स्वतः केली. तेवढ्याच कार्बनबरोबर एकात हायड्रोजन दुसऱ्याच्या दुप्पट निघाला. पदार्थ जर कणिकेसारखा सलग असता तर कोणतेही प्रमाण चालले असते. लाडू एक किंवा दोन वाढता येतात, म्हणून पट पूर्णांकात येते. गुणित प्रमाणाचा नियम आपण पाठ केला तेव्हा तो मला पाढ्यांसारखा कोरडा वाटला होता. अणू आहेत असे म्हणण्याचा डाल्टनकडचा सर्वांत सबळ पुरावा तो होता.

१८०८ मध्ये त्यांच्या रसायनशास्त्रावरील मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. त्यात वर्तुळांचा तो प्रसिद्ध तक्ता आहे. रिकामे वर्तुळ ऑक्सिजन, मध्ये टिंब असलेले हायड्रोजन, उभी रेघ असलेले नायट्रोजन, काळे भरलेले कार्बन. तक्त्यात वीस मूलद्रव्ये आहेत आणि त्यात चुना, सोडा, पोटॅश हेही मूलद्रव्य म्हणून बसलेले आहेत, कारण ते फोडता येतात हे तेव्हा नुकतेच कुठे दिसू लागले होते. अणूंचे लाकडी गोळेही त्यांनी आपल्या एका अभियंता मित्राकडून, पीटर युअर्ट यांच्याकडून, बनवून घेतले होते. आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटातले ते रंगीत गोळे आठवतात? ज्यातला काळा गोळा क्रिकेटसाठी गेला आणि परत आला नाही? त्या गोळ्यांचे मूळ घराणे हे.

आता मैत्रिणीचा प्रश्न. लाडवांच्या हिशेबात मी एक अट हळूच घातली होती. दोन्ही लाडू सारख्याच संख्येने आहेत. डब्यात एकास एक आहेत की एकास दोन, हे माहीत नसेल तर हिशेब अडतो. पाण्यात हायड्रोजनचा एक अणू की दोन? डाल्टनकडे हे ठरवण्याचा मार्ग नव्हता. म्हणून त्यांनी नियमच केला की दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एक मानावे, कारण निसर्ग सोपेपणा पसंत करत असणार. तेव्हा त्या दोघांचे एकच संयुग माहीत होते, ते म्हणजे पाणी. म्हणून पाणी झाले एचओ. अमोनिया झाला एनएच. त्यामुळे १८०८ च्या तक्त्यात ऑक्सिजनचा अणुभार ७ आहे आणि नायट्रोजनचा ५. आपण सोळा आणि चौदा पाठ केले. त्यांची मोजमापेही ओबडधोबडच होती. अचूक तोलले असते तर ऑक्सिजन ८ आला असता. पण मोजमाप कितीही सुधारले तरी आठाचे सोळा होत नव्हते. ते तराजूचे काम नव्हते, अणू मोजण्याचे होते.

किल्ली दुसऱ्याच वर्षी हाताशी आली. फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने वायूंची वजने सोडून आकारमाने मोजली. दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन माप वाफ होते. सरळ, स्वच्छ, पूर्णांकात. डाल्टनच्या अणूंना याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता. आणि डाल्टननी तो नाकारला. गे-ल्युसॅकची मापे काटेकोर नाहीत असे त्यांनी लिहिले. त्यांच्या स्वतःच्या मापांपेक्षा ती कितीतरी चांगली होती.

का नाकारला, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तो निव्वळ हट्ट नव्हता. सारख्या मापात सारखे कण असतील असे धरले तर ऑक्सिजनच्या एका कणापासून पाण्याचे दोन कण तयार होतात. म्हणजे ऑक्सिजनच्या कणाचे दोन तुकडे झाले पाहिजेत. आणि अणूचे तुकडे होत नाहीत, हा तर सिद्धांताचा पाया. १८११ मध्ये इटलीच्या ॲव्होगॅड्रोने तोड सुचवली की तुटतो तो अणू नव्हे. ऑक्सिजन वायूचा कणच मुळात दोन अणूंचा जोड आहे, तो जोड सुटतो. किती साधे! आपण सातवीत-आठवीत सहज लिहायचो, ओ टू. पण डाल्टनना हे पटणे शक्य नव्हते. सारखे कण एकमेकांना ढकलतात, या समजुतीवर त्यांनी हवेचे कोडे सोडवले होते. मग दोन ऑक्सिजन एकमेकांना चिकटतील कसे? ज्या शिडीवरून ते अणूपर्यंत चढले होते तीच त्यांना पुढचा मजला दिसू देईना.

मी स्वतः वर्गात उभी राहून शिकवले आहे म्हणून हा भाग मला झोंबतो. डाल्टन दुसऱ्यांची पुस्तके फार वाचत नसत. स्वतः पाहिले-तोलले तेवढ्यावर त्यांचा भरवसा. खेड्यात, पदवीविना, अंध गुरूच्या हाताखाली शिकलेल्या माणसाचा तो स्वभाव होता, आणि त्याच स्वभावामुळे त्यांनी जुन्या कल्पनेला तराजूत घातले. पण चाळिशीनंतर तोच स्वभाव भिंत झाला. स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३ च्या सुमारास मूलद्रव्यांसाठी अक्षरांच्या संज्ञा आणल्या, ज्या आपण आजही लिहितो. डाल्टनना त्या कधीच आवडल्या नाहीत. छापायला अवघड असलेली आपली वर्तुळेच त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवली. त्यांना दोष देणाऱ्याने आधी आठवावे की नवे पुस्तक आले तेव्हा आपण शिक्षक मंडळी काय काय बोललो होतो.

त्या वेळी ॲव्होगॅड्रोकडे फार कोणी लक्ष दिले नाही. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे पाण्याचे सूत्र कोणी एक लिही, कोणी दुसरे. १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरुहे येथे हा घोळ मिटवायला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि तिथे इटलीच्याच कॅनिझारोने ॲव्होगॅड्रोचा विचार पुन्हा मांडून दाखवला. मग हळूहळू अणुभार स्थिर झाले आणि पाणी एच टू ओ झाले. तर मैत्रिणी, तुझे उत्तर हे. दोन हायड्रोजन मोजायला डाल्टनचा तराजू, गे-ल्युसॅकचे माप, ॲव्होगॅड्रोची कल्पना आणि कॅनिझारोची चिकाटी लागली, आणि १८०३ पासून धरले तर वर्षे लागली सत्तावन्न. घंटा व्हायच्या आत सरांना ते सांगता आले नसते.

हा सगळा काळ डाल्टन मास्तर शिकवण्या घेत होते. जॉर्ज स्ट्रीटवर जॉन्स नावाच्या कुटुंबाकडे ते सव्वीस वर्षे भाड्याने राहिले. लग्न केले नाही. दिवस घड्याळासारखा ठरलेला, गुरुवारी दुपारी मात्र सगळे बंद ठेवून गवतावर लाकडी चेंडूंचा बोल्स खेळायला जायचे. पॅरिसहून एक रसायनशास्त्रज्ञ या थोर माणसाच्या दर्शनाला आला, तेव्हा हे महाशय एका मुलाला पाटीवर अंकगणित शिकवत बसले होते आणि तेवढे गणित संपेपर्यंत पाहुण्याला थांबावे लागले, अशी गोष्ट सांगतात. १८२२ मध्ये ते स्वतः पॅरिसला गेले, तिथे लाप्लास, बर्थोले, गे-ल्युसॅक यांनी त्यांचा मोठा मान ठेवला. मायदेशी रॉयल सोसायटीने त्यांना त्याच वर्षी सभासद करून घेतले, तेही त्यांना न विचारता. वय वर्षे पंचावन्न.

१८३२ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना सन्माननीय पदवी दिली. ज्या विद्यापीठात क्वेकर विणकराच्या मुलाला विद्यार्थी म्हणून पदवी मिळाली नसती, तिथेच. दोन वर्षांनी राजाच्या भेटीचा योग आला तेव्हा अडचण उभी राहिली. दरबारी पोशाखात तलवार लागते आणि क्वेकर तलवार बांधणार नाही. तोड निघाली की ऑक्सफर्डचा डॉक्टरेटचा झगा घालून जावे. पण तो झगा लालभडक, आणि भडक रंग पंथाला वर्ज्य. डाल्टन शांतपणे तो घालून गेले. ज्यांच्या नजरेला लाल लाख आणि हिरवे पान एकच, त्यांना त्या रंगात वावगे दिसणार कसे!

सरकारने १८३३ मध्ये वर्षाला १५० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले, तीन वर्षांनी ते दुप्पट केले. तरी शिकवण्या चालूच होत्या. १८३४ च्या सुमारास एका मद्य बनवणाऱ्या श्रीमंताची दोन मुले त्यांच्याकडे अंकगणित आणि भूमिती शिकायला येऊ लागली. धाकट्याचे नाव जेम्स ज्यूल. होय, पदार्थविज्ञानाच्या उदाहरणांत एकक लिहायचे राहिले की ज्याच्यामुळे आपला अर्धा गुण जायचा, तोच ज्यूल. १८३७ मध्ये डाल्टनना अर्धांगाचा झटका आला आणि ही शिकवणी संपली. मँचेस्टरच्या टाउन हॉलच्या प्रवेशदालनात आज या गुरुशिष्यांचे पुतळे आहेत. गुरूचा पुतळा शहरवासीयांनी वर्गणी काढून ते हयात असतानाच करवून घेतला होता.

बोलणे अडखळू लागले, हात थरथरू लागला, पण हवामानाची वही थांबली नाही. २६ जुलै १८४४ च्या रात्री त्यांनी दाब आणि तापमान लिहिले, थोडा पाऊस झाल्याचे लिहिले. अक्षर वेडेवाकडे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मँचेस्टरने त्यांचे पार्थिव टाउन हॉलमध्ये दर्शनासाठी ठेवले आणि सुमारे चाळीस हजार माणसे रांगेने येऊन गेली. साधेपणा हेच व्रत असलेल्या क्वेकर मंडळींना हा थाट रुचला नाही.

ज्या मंडळात त्यांनी आपला तक्ता वाचून दाखवला होता, त्याच मंडळात मार्च १९११ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाचे प्राध्यापक रुदरफोर्ड यांनी सांगितले की अणू हा भरीव गोळा नाही. त्याच्या मध्यभागी अतिसूक्ष्म, जड केंद्रक आहे आणि बाकी बहुतेक जागा रिकामी आहे. आपण लिहायचो त्या त्रुटींतली ठळक त्रुटी अशी डाल्टनच्याच घरात उघड झाली. त्या मंडळाची इमारत डिसेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात जळाली आणि डाल्टनच्या वह्या-कागदांचा मोठा भाग तिच्यासोबत गेला.

डोळे मात्र वाचले. आपल्या मृत्यूनंतर डोळे काढून तपासावेत, द्रव निळा आहे की नाही पाहावे, असे डाल्टननी सांगून ठेवले होते. त्यांचे डॉक्टर जोसेफ रॅन्सम यांनी दुसऱ्याच दिवशी ते केले. एका डोळ्यातला द्रव काचेच्या बशीत काढला. तो पाण्यासारखा स्वच्छ निघाला. दुसऱ्या डोळ्याला मागून छेद देऊन त्यातून त्यांनी स्वतः लाल आणि हिरव्या वस्तू पाहिल्या. त्या वेगवेगळ्याच दिसल्या. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा तर्क चुकला होता. ते डोळे वाळवून जपून ठेवले गेले. १९९५ मध्ये त्यांच्या एका कणातून डीएनए काढून तपासला, तेव्हा कळले की मधल्या तरंगलांबीचा, म्हणजे हिरव्या भागातला, प्रकाश टिपणारे रंगद्रव्य बनवणारे जनुक मास्तरांकडे नव्हतेच.